हॉल की पाडा?

दादरच्या हॉलमध्ये सलग पाच दिवस, की आरेतल्या पाड्यावर आठवड्यातून एक दिवस? आरोग्यसेविकांना शिकवायच्या या दोन्ही तऱ्हा मी करून पाहिल्यात. हॉलचं बरं असतं. पंखे, प्रोजेक्टर, वेळेवर चहा, आणि तीस जणी एका दमात उरकतात. लसींचं वेळापत्रक, रजिस्टर भरणं तिथेच शिकवावं.

पण बाळाचे श्वास मोजणं? हॉलमध्ये प्लास्टिकची बाहुली. ती ना रडते, ना चुळबुळते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण, हे सगळ्यांना पाठ झालं. पाड्यावर, एका वारली घरात, खरं बाळ आईच्या मांडीवर हातपाय झाडत होतं. एकीचा आकडा तीनदा चुकला. शेवटी आजीच म्हणाली, "आधी निजू दे की पोराला!" बरोबरच होतं तिचं, श्वास शांत बाळाचेच मोजायचे असतात. माझ्या स्लाइडवर ते होतं, पण कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

नगर जिल्ह्यातल्या जामखेडला 1970 पासून डॉक्टर आरोळे दाम्पत्याने गावातल्याच, कित्येक तर निरक्षर, बायका आरोग्यसेविका म्हणून घडवल्या, त्याही अशाच. शिकायचं, गावात वापरायचं, अडलेलं घेऊन परत यायचं.

पाड्यावर पावसात चिखल तुडवावा लागतो, आणि एका वेळी सहा-सातच जणी शिकतात. तरी मी पाडाच निवडेन. रजिस्टरसाठी एक दिवस हॉल. जेवण मात्र हॉलचंच चांगलं.