599 चा स्क्रॅपबुक किट: अल्बम ठेवा, स्टिकर भाचीला द्या

आधीच सांगून टाकते, अल्बम चांगलाय. पण किट म्हणून जे 599 रुपयांत गळ्यात मारतात त्यातला अल्बम तेवढा कामाचा, बाकी निम्मं सामान घरातल्या बारक्या पोरींना खेळायला द्या. कंपनीचं नाव घेत नाही, ऑनलाइन शोधलं की असे ढीगभर काळ्या पानांचे किट दिसतात आणि सगळ्यांत साधारण तेच सामान असतं.

मी घेतला मोठ्या मावशीसाठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरवाशिणी खानदेशात चोपड्याला जमतात, तेव्हा मावशीच्या हातात घरच्या फोटोंचा अल्बम द्यायचा असं आम्हा बहिणींचं ठरलं होतं.

पानं जाड आहेत, फोटो लावल्यावर वाकडी होत नाहीत, आणि खोक्यावर ऍसिड-फ्री लिहिलंय. हे नुसतं जाहिरातीचं नाही बरं का. लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदात लिग्निन असतं, त्यानं कागद पिवळा पडतो आणि आम्लामुळे शेजारचा फोटोही खराब होतो, म्हणून तर पेपरचं कात्रण थोड्याच वर्षांत चहात बुडवल्यासारखं दिसायला लागतं. कात्रण लावायचंच असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून लावा. आणि ते जुने चिकट पानांचे, वरून प्लास्टिकचा पडदा असलेले अल्बम घरात असतील तर त्यातले फोटो जमेल तेवढे लवकर काढा. आमच्या आईबाबांच्या लग्नाचे त्यातच अडकलेत, निघता निघत नाहीत.

फोटोचे कोपरे अडकवायचे फोटो कॉर्नर 80 दिलेत. एका फोटोला 4 लागतात म्हणजे 20 फोटोंत खेळ खल्लास आणि पानं आहेत 60, हा काय हिशोब झाला? ग्लू स्टिक ठीकठाक.

आता मेन तक्रार. अख्ख्या किटमध्ये लिहायला जागाच नाही राव! सोनेरी स्टिकरच्या चार शीट, सगळ्यांवर ‘बेस्ट डे एव्हर’ आणि ‘फॅमिली फॉरएव्हर’, आणि लिहायला म्हणून जी कार्डं दिलीत ती व्हिजिटिंग कार्डाएवढी, वर ‘डेट’, खाली ‘प्लेस’ आणि मधे दोन रेघा. दोन रेघांत काय लिहायचं, आमच्याकडे मावशीचं नुसतं पूर्ण नाव लिहिलं तर एक रेघ संपते.

एक पान सांगते म्हणजे कळेल. फोटोत मावशी चुलीपुढे बसलीये, उपडं खापर, हाताच्या कोपरापर्यंत पसरलेला मांडा, म्हणजे आमच्याकडची खापरावरची मोठी पुरणपोळी. यावर ‘हॅपी मोमेंट्स’चा स्टिकर लावला की फोटो दिसतो छान पण कळत काहीच नाही. मी स्टिकर ठेवला बाजूला आणि खाली सरळ लिहून काढलं की गहू आदल्या दिवशी ओलवून ठेवले होते, पीठ वस्त्रगाळ केलं, कणीक इतकी सैल की हातावर थांबत नव्हती, पुरण भाच्यानं परातीतूनच निम्मं खाल्लं, आणि मोबाईल समोर धरल्यावर मावशी ओरडली, ‘मना फोटू नका काढू रे, मी पीठमा भरेल शे!’ अहिराणीतच, आमच्या खानदेशी बोलीत लिहिलं, मुद्दाम. प्रमाण मराठीत केलं असतं तर ती मावशी राहिलीच नसती, कुणीतरी बातम्या देणारी बाई वाटली असती.

आपल्याकडे हे काही नवीन नाही म्हणा. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या काम करता करता गाणी म्हणायच्या आणि त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, घरच्यांनी ते टिपून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर 1952 ला ते पुस्तकात आलं. फोटोपेक्षा ही टिपणंच जास्त टिकली.

आणि खरी गंमत तर अल्बम दिल्यावर झाली. नुसत्या फोटोंवर सगळ्या ‘किती छान, किती छान’ करून पान उलटत होत्या, पण लिहिलेलं आलं की चष्मा लावून वाचणार आणि लगेच भांडणार. हा फोटो आखाजीचा नाहीच, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा, रोटांचा आहे, ती मागची भिंत बघ, तेव्हा रंग दिला नव्हता! मग मी पेन मावशीच्याच हातात दिला. तिनं माझ्या ओळीवर काट मारून खाली आपल्या अक्षरात दुरुस्ती लिहिली, रेघ सोडून तिरकी वर चढत गेलेली, अनुस्वार निम्मे गायब. आता ते पान मी कुणाला सुंदर करू देणार नाहीये.

तारखांचं मात्र आधीच बघा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून काढल्याची तारीख निघून जाते, गॅलरीत दिसते ती तुम्ही डाउनलोड केल्याची, त्यामुळे फॅमिली ग्रुपवरचे फोटो प्रिंटला टाकायच्या आधी ज्यानं काढला त्याला विचारून घ्या. तसंच एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट, ते थर्मल कागदाचं, उन्हानं कोरं होतं. चिकटवा हौस असेल तर पण शेजारी कुठून कुठे, किती रुपये, शेजारच्या सीटवर कोण होतं ते लिहून ठेवा.

पेनाबद्दल. किटमधला पांढरा पेन फेकून द्या, एक अक्षर उमटतं, दुसऱ्याला खरडावं लागतं, तिसऱ्याला डाग. युनिबॉल सिग्नोचा पांढरा घ्या, काळ्यावर ठळक येतो, फक्त सुकायला वेळ द्या नाहीतर तळहातानं सगळं पुसलं जाईल. पांढऱ्या कार्डावर लिहायचं तर पिगमेंट शाईचा पेन, साकुराचा मायक्रॉन वगैरे. पुसता येणारे फ्रिक्शन पेन चुकूनही नकोत, त्यांची शाई 60 डिग्रीच्या आसपास अदृश्य होते. मे महिन्यात भुसावळला उन्हात गाडी उभी करून अल्बम डॅशबोर्डवर विसरलात तर लिहिलेलं सगळं साफ! (फ्रीझरमध्ये घातलं की परत उमटतं, पण अल्बम काय कैऱ्यांच्या फोडींशेजारी ठेवणार का.) फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेन दाबून लिहिला की पुढून उठतो.

पॅकिंग ठीक होतं, एक कोपरा दुमडून आला, त्याचं काही विशेष नाही. रेटिंग द्यायचं तर अल्बमला चार, किटला अडीच. सुटा अल्बम मिळत असेल तर तोच घ्या, उरलेल्या पैशांत दोन पेन, कॉर्नरचं जास्तीचं पाकीट आणि पोस्टकार्डाएवढे कापलेले कोरे जाड कागद येतील. कंपनीनं त्या सोनेरी शीट काढून तिथे रेघा मारलेली मोठी कार्डं घातली तर मी स्वतः अजून दोन मागवीन, आत्याकडचे फोटो अजून खोक्यातच पडलेत.