आधी संविधानाची संहिता की संविधान सभेतील चर्चा?
संविधानाचा अभ्यास कशापासून सुरू करावा, असे एका विद्यार्थिनीने विचारले. खर्चाचा प्रश्न नाही. दोन्ही महाजालावर विनामूल्य मिळतात. श्रमांत मात्र मोठा फरक आहे: संहिता मराठीत एका ग्रंथात मिळते, तर चर्चांचे १२ खंड बहुतांशी इंग्रजीत आहेत. तरीही उगम जाणण्यासाठी चर्चांना पर्याय नाही. अनुच्छेद ३२ संहितेत कोरडा वाटतो. पण ९ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्यालाच संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, हे वाचल्यावर मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या अधिकाराचे मोल उमगते. उलट १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीसारखे बदल अद्ययावत संहितेतच सापडतात. परीक्षार्थीने आणि आपले हक्क जाणू इच्छिणाऱ्याने संहिता घ्यावी. तरतुदीमागचा हेतू शोधणाऱ्याने चर्चा वाचाव्यात, मग वेळ कितीही लागो.