तारकर्लीला मुक्काम: दशावतार की पिंगुळी?

तारकर्लीला दोन दिवस समुद्र झाला की तिसऱ्या दिवशी पाय वळवळतात. मग पर्याय दोन: जत्रेतला दशावतार, म्हणजे रात्री रंगणारं इथलं लोकनाट्य, किंवा पिंगुळीच्या बाहुल्या.

दशावतार बघायचा तर हंगाम सांभाळावा लागतो. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि नाटक रंगतं रात्री उशिरा, देवळासमोर. तारीख इंटरनेटवर शोधत बसू नका, रिक्षावाल्याला किंवा खानावळीतल्या काकूंना विचारा, "आज खंय जत्रा आसा?" लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे. पायपेटी, पखवाज, झांज एवढ्यावर युद्धं होतात. रंगमंचामागे डोकावलात तर पेटाऱ्यावर आरसा टेकवून एक बाप्या भुवया कोरत बसलेला दिसेल. तासाभराने तोच राणी होऊन असा रडतो की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावतात. मालवणी थोडी हुकते, पण चालतं. जत्रेतलं गोड खाजं घ्या, स्वेटर न्या, पहाटेपर्यंत बसायची तयारी ठेवा.

कुडाळजवळच्या पिंगुळीला मात्र दिवसाउजेडी जाता येतं, पावसाळ्यातही. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या तिथे एका घरगुती संग्रहालयात आहेत. ते उभारणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. खेळ बघायचा असेल तर आधी फोन करून जा.

लहान मुलं सोबत असतील तर पिंगुळीच. नाहीतर मी झोप मोडून जत्रेलाच जाईन. रिसॉर्टच्या लॉनवरचा अर्ध्या तासाचा 'कोकणी नाच' मी यात धरलेलाच नाही.