जुन्या डब्लो इंजिनावर नवा निळा: एअरब्रश घ्यावा का?

डबल-ॲक्शन एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन), वर रंगाची वाटी, ०.३ मिमीचं नोझल आणि टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर. हा संच घेतला तो एका इंजिनापायी. हॉर्न्बी डब्लो या खेळण्यातल्या रेल्वेच्या मालिकेतलं, तीन रुळांवर धावणारं 'सर नायजेल ग्रेस्ली' नावाचं इंजिन. १९३८ साली डब्लो मालिका आली तेव्हा पहिल्याच खेपेत हे मॉडेल होतं. माझ्याकडच्या इंजिनाचा निळा रंग कडांवरून उडालेला, आणि मधल्या कुठल्या तरी मालकाने त्यावर ब्रशने जाड काळा फासलेला. मूळ रंग धड असता तर मी हात लावला नसता. संग्राहक त्याचेच पैसे मोजतात.

खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. बोटाला हे कळेपर्यंत पुठ्ठ्यावरच रेघोट्या माराव्यात. रंग दुधाइतका पातळ हवा आणि हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). त्याहून घट्ट रंग नोझलमध्ये अडकतो, जास्त पातळ केला तर ओघळतो.

पैसे वसूल होतात ते थराच्या जाडीत. मॉडेल १:७६ प्रमाणातलं. त्यावर ०.१ मिमीचा थर चढला तर तो खऱ्या इंजिनावर साडेसात मिमीचा लेप झाला! ब्रशच्या दोन हातांत ओतकामाच्या बारीक रेषा बुजतात. इथे राखाडी प्रायमर आणि निळ्याचे तीन झिरझिरीत हात देऊनही दारांच्या कडा शाबूत आहेत.

खरी कसोटी पुढच्या बाजूला, जिथे निळा संपून काळा वळण घेत सुरू होतो. तिथे लवचीक बारीक टेप लावून आधी तिच्या कडेवर निळाच मारायचा. टेपखाली काही झिरपलं तर ते निळ्यात निळं. मग काळा. टेप काढली तेव्हा रेघ इतकी स्वच्छ होती की भिंगातून पुन्हा पुन्हा बघत बसलो. आकड्यांचे डेकल (चिकटवायची छापील पातळ चित्रं) लावण्याआधी ग्लॉस वार्निश हवंच. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि रुपेरी डाग दिसतात.

तक्रारी? वाटीचं झाकण सैल आहे, एअरब्रश तिरका धरला की रंग गळतो. माहितीपत्रकात सफाईबद्दल जेमतेम दोन ओळी; खरं तर निम्मं काम सफाईचंच. ॲक्रिलिक रंग एअरब्रशमधल्या सुईच्या टोकावर वाळतो, तो मधूनमधून पुसावा लागतो.

आणि जुना रंग काढणं हे काही एअरब्रश करत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. ओला पॉलिशपेपर वापरा, हातमोजे घाला. त्याआधी ओतकाम उजेडात धरून बघा. युद्धापूर्वीच्या जस्ताच्या मिश्रधातूत अशुद्धी राहिली असेल तर धातू फुगतो, तडकतो. त्यावर इलाज नाही, रंग वाया जातो.

एकच इंजिन रंगवायचं असेल तर चांगल्या प्रायमरचा आणि रंगाचा स्प्रे कॅन पुरे. रांगेत चार-पाच असतील तर हा संच घ्या, आणि सोबत एक जादा सुई. टोक वाकायला एकदा खाली पडणं पुरतं.