बोनेरचं डायव्ह पॅकेज, ६,३०० डॉलर आणि 'रिकाम्या झालेल्या चार जागा'

कॅरिबियनमधल्या स्कूबा डायव्ह रिसॉर्टचं पॅकेज कुणी "आमच्या ग्रुपमधल्या चार जागा रिकाम्या झाल्यात, त्याच दरात देतो" असं सांगून विकत असेल, तर एक पैसाही पाठवू नका. आमचे ६,३०० डॉलर असेच गेले. रुपयांत सव्वापाच लाखांच्या वर. त्यातले निम्मे माझ्या मावसदिराचे होते आणि ते त्याने केवळ माझ्या शब्दावर दिले होते. पैसे गेल्याचा संताप एकीकडे आणि घरातल्या माणसासमोर मान खाली घालावी लागली ते एकीकडे.

आधीच सांगते, आम्ही नवखे नाही. पहिली डुबकी मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मारली, ती हौस होती. पण पुढे टेक्सासमध्ये लेक ट्रॅव्हिसच्या गढूळ पाण्यात रीतसर कोर्स केला, नायट्रॉक्सचं, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेवर डुबकी मारण्याचं, कार्डही काढलं. बोनेरबद्दल माझ्याइतकं वाचलेलं आमच्या ओळखीत दुसरं कुणी नसेल. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं हे छोटं डच बेट. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पश्चिम किनारा बहुतेक वेळ शांत असतो, आणि तिथे बोटीशिवाय, थेट किनाऱ्यावरून पाण्यात उतरता येतं. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर डायव्हच्या जागेचं नाव. पिकअपमध्ये हवेचे टँक टाकायचे, दगड दिसला की थांबायचं. तिथली रिसॉर्ट्ससुद्धा डायव्हरसाठीच बांधलेली आहेत. गाडीतूनच टँक भरून घ्यायची सोय, खाऱ्या पाण्यातलं सामान धुवायला गोड्या पाण्याचे हौद, ओले सूट टांगायला कुलपाच्या खोल्या, आणि समोरच घरचा रीफ, म्हणजे प्रवाळांचा खडक, रात्री-अपरात्री कधीही उतरा.

ही रिसॉर्ट्स बहुतेक शनिवार ते शनिवार असा आठवडा विकतात, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांतून थेट विमानं रोज नसतात. अमेरिकेतली डायव्ह दुकानं आणि क्लब वर्षभर आधी खोल्यांचा गठ्ठा घेऊन ठेवतात आणि आपल्या लोकांना विकतात. कुणाचं आजारपण निघालं, कुणाची रजा नाकारली गेली की जागा रिकाम्या होतात आणि त्या डायव्हरांच्या ग्रुपमध्ये फिरतात. हे सगळं खरं आहे, नेहमी होतं. ठकसेन नेमका या खऱ्या रिवाजाच्या आत शिरून बसतो. म्हणून जे आता मला "एवढं शिकलेली असून कशी फसलीस" म्हणतात, त्यांना माझं एकच विचारणं आहे: खरी रिकामी जागा आणि खोटी रिकामी जागा यांच्या मेसेजमध्ये फरक काय असतो, तो दाखवा.

स्वस्ताच्या मोहाने गेलात, असंही ऐकवलं गेलं. ते साफ खोटं आहे. दर माणशी १,४६० डॉलर होता. सात रात्री, नाश्ता, हवे तेवढे टँक, सहा बोट डायव्ह आणि दोघांत एक पिकअप. रिसॉर्टच्या स्वतःच्या दरापेक्षा जेमतेम दीडशे डॉलर कमी. ग्रुपला एवढी सूट मिळतेच. निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे ओळखलं असतं. त्यालाही ते ठाऊक होतं.

डायव्हरांच्या ग्रुपवर ही जाहिरात टाकणारा माणूस बोलायला गोड होता, पण पुढे पुढे करणारा नव्हता. क्लबची ट्रिप आहे, दोन जोडप्यांनी माघार घेतली, म्हणाला. सॉल्ट पिअर या मिठाच्या धक्क्याच्या खांबांवरचे स्पंज, हिल्मा हूकर हे बुडालेलं जहाज, सगळ्याबद्दल डायव्हर बोलतो तसं बोलला. हिल्मा हूकर १९८४ साली बुडालं, सुमारे तीस मीटरवर आडवं पडलंय, खाली उतरताना हवेवर लक्ष ठेवा, असं मलाच सांगत होता. अशा माणसावर संशय कुठून येणार?

"आधी विमानाची तिकिटं काढा आणि मला पाठवा, मग मी रिसॉर्टला तुमची नावं देतो," असं तो म्हणाला. त्या वेळी मला वाटलं, किती सचोटीचा माणूस, आधी पैसे मागत नाही. आता कळतं की तो फास होता. परत न होणारी तिकिटं एकदा हातात आली की माणूस मागे फिरत नाही. वाटेल तशी शंका आली तरी ती स्वतःच दाबून टाकतो. कुणी रिसॉर्ट पक्कं होण्याआधी तिकीट काढायला लावत असेल तर तिथेच संपवा.

पहिले २,९२० डॉलर वायर ट्रान्सफरने, म्हणजे बँकेतून थेट त्याने दिलेल्या खात्यात गेले, उरलेले २,९२० प्रवासाच्या दीड महिना आधी. कार्डाने का नाही दिले, हे बँकेतल्या बाईंनीही विचारलं. कारण तो म्हणाला, कार्डावर चार टक्के जास्त पडतील. म्हणजे २३३ डॉलर ६० सेंट. अमेरिकेतली कितीतरी छोटी दुकानं कार्डावर असा अधिभार लावतात, त्यात वेगळं काही नव्हतं. खातं क्लबच्या नावावर नव्हतं, कुठल्याशा कंपनीच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाला, आमच्या खजिनदाराचा व्यवसाय आहे, क्लबचा हिशेब त्याच खात्यातून होतो. हौशी क्लबांत असं चालतं. पण आता सगळ्यांना सांगते, खात्यावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर खजिनदाराची गोष्ट ऐकूच नका.

मग आला तो व्हाउचर. रिसॉर्टचा लोगो, खोल्यांचे क्रमांक, जेट्टीचा फोटो. खाली सामानाची यादी: वेटसूट, बूट, मास्क, रेग्युलेटर, बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट), हातमोजे.

हातमोजे!

बोनेरच्या समुद्री उद्यानात हातमोजे घालायला बंदी आहे. १९७९ पासून तिथे उद्यान आहे, किनाऱ्यापासून साठ मीटर खोलीपर्यंतचा सगळा समुद्र त्यात येतो, आणि हातमोजे घातले की लोक बिनधास्त प्रवाळ धरतात म्हणून ते चालत नाहीत. हे मला माहीत होतं. मीच आमच्या चौघांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की हातमोजे बॅगेत टाकू नका. आणि त्याच ग्रुपवर तो व्हाउचर मीच पुढे पाठवला. चौघांनी वाचला, अंगठे दाखवले. नवऱ्याला दिसलं नाही, मावसदिराला नाही, जाऊबाई तर स्वतः ऑडिटर, त्यांना नाही. बोनेरमधल्या कुठल्याही रिसॉर्टच्या सामानाच्या यादीत हा शब्द येणं शक्य नाही. रात्री पडल्यापडल्या तो कागद डोळ्यांपुढे येतो आणि दर वेळी त्या एका शब्दावर नजर अडते. पण खोल्या बघायच्या, तारखा बघायच्या, नावांची स्पेलिंगं पासपोर्टशी जुळतात का ते बघायचं, की सामानाच्या यादीतला शेवटचा शब्द वाचायचा? व्हाउचर तपासताना माणूस आपलं नाव शोधतो.

दुसरी खूण त्याहून मोठी होती. खरं डायव्ह रिसॉर्ट तुमच्या मागे लागतं. सर्टिफिकेशन कार्डाचा नंबर द्या, शेवटची डायव्ह कधी केलीत, आरोग्याची माहिती भरा, जोखमीच्या फॉर्मवर सही करा, नायट्रॉक्सचं कार्ड दाखवा, पिकअप गिअरची चालेल की ऑटोमॅटिकच हवी. यातलं एकही त्याने विचारलं नाही. पैसे सोडून ज्याला तुमच्याकडून काहीच नको, तो डायव्हिंगच्या धंद्यातला नाही.

शेवटी त्याने ४६० डॉलर मागितले. बेटाचा प्रवेश कर माणशी ७५ आणि समुद्री उद्यानाचं शुल्क माणशी ४०, चौघांचे एकदम. दोन्ही रकमा अचूक. बाहेरून येणाऱ्यांना हा ७५ डॉलरचा कर जुलै २०२२ पासून खरंच आहे आणि निसर्ग शुल्क भरल्याशिवाय कुणी टँक देत नाही. "विमानतळावर रांग नको म्हणून मी सगळ्यांचं एकत्र भरतो," म्हणाला. हे दोन्ही ज्याचे त्याने, सरकारच्या आणि उद्यानाच्या स्वतःच्या साइटवर भरायचे असतात. तिसऱ्या माणसाच्या हातात ते कधीही देऊ नका. त्याने आम्हाला चार क्यूआर कोड पाठवले.

विमानतळावर ते कोड चालले नाहीत. खिडकीतल्या माणसाने दोनदा स्कॅनर धरला, मान हलवली आणि शांतपणे कार्डाचं मशीन पुढे केलं. ३०० डॉलर भरले. आम्ही समजलो, यंत्रणेत काही बिघाड असेल. रिसॉर्टवर पोचल्यावर काउंटरवरच्या मुलीने आमची नावं टाकली, पुन्हा टाकली, मग व्हाउचर मागून घेतला. तिने तो वाचला, कागद आमच्या बाजूला फिरवला आणि 'हातमोजे'वर बोट ठेवलं. "हे आम्ही लिहिणार नाही," एवढंच म्हणाली. मावसदीर माझ्याकडे वळला. "वहिनी, तू बघितलं होतंस ना सगळं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

रिसॉर्ट भरलेलं होतं. बोनेर मुख्य वादळी पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथे मंदीचा असा हंगाम फारसा नसतो. मॅनेजर आले, आमच्या रिसॉर्टचे फोटो कुणीतरी वापरतंय याची आम्हाला कल्पना आहे, म्हणाले. कल्पना आहे! मग साइटवर एक ओळ टाकायला काय जातं? आमच्या नावाने परस्पर पैसे घेतले जात आहेत, फक्त या ठिकाणी बुकिंग करा, एवढी सूचना लावली असती तर आमच्यासारखे कितीतरी वाचले असते. ते म्हणाले, त्याने पाहुणे घाबरतात.

बेटाच्या राजधानीत, क्रालेंडाइकमध्ये, एक अपार्टमेंट मिळालं, सात रात्रींचे १,२४६ डॉलर. पिकअप ४८३. टँक चौघांचे ७५६. उद्यानाचं शुल्क १६०. हे सगळं पुन्हा, खिशातून. डायव्ह केल्या, समुद्राने काही कमी केलं नाही, पण त्याबद्दल लिहायची मनःस्थिती नाही.

खरा मनस्ताप परतल्यावर सुरू झाला. बँक म्हणते, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात, म्हणजे ही चोरी नाही. मी वायर परत मागवायचा अर्ज दिला. समोरच्या बँकेने उत्तर दिलं नाही, म्हणून फाइल बंद. उत्तर दिलं नाही म्हणून बंद? ज्या बँकेत त्या भामट्याचं खातं आहे, तिला माहीत आहे ते कुणाचं आहे. ओळखपत्र घेतल्याशिवाय आपल्याला साधं बचत खातं उघडू देत नाहीत आणि याच्या खात्यात हजारो डॉलर येऊन जातात तेव्हा कुणी विचारत नाही. खातेदाराचं नाव मला सांगता येत नाही, कारण त्याची गोपनीयता जपायची आहे. माझे पैसे जपायला कुणी नव्हतं.

स्थानिक पोलिसांनी कागद बघून सांगितलं की हा दिवाणी वाद आहे. मी म्हटलं, करार मोडला असता तर दिवाणी म्हणा, इथे माणूसच खोटा आहे, कागद खोटा आहे, सरकारी कराची पावती खोटी आहे. त्यांनी एक नंबर लिहून दिला, तो विम्याला द्या म्हणाले. प्रवास विमावाले म्हणतात, रिसॉर्ट बंद पडलं असतं तर दिले असते, फसवणूक आमच्या यादीत नाही. बेटावरच्या पोलिसांनी सांगितलं, पैसे अमेरिकेतून अमेरिकेत गेले, आमचा संबंध नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे केलेल्या ऑनलाइन तक्रारीला तक्रार मिळाल्याचा आपोआप येणारा ईमेल आला, त्यापुढे काही नाही. ज्या डायव्हर ग्रुपवर जाहिरात होती, तिथे मी सावध करणारी पोस्ट टाकली तर ग्रुपचं वातावरण बिघडतं म्हणून चालकांनी तीच काढून टाकली. त्याची जाहिरात मात्र त्यानंतरही दिसत होती. प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो आणि प्रत्येक दारात आपण पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, त्याच चेहऱ्यांसमोर, जे ऐकताना मनात म्हणत असतात की हिची अक्कल कुठे गेली होती.

मावसदिराचे ३,१५० डॉलर मी माझ्या बचतीतून परत केले. तो नको म्हणत होता. जाऊबाईंनी घेतले, आणि त्यांचं बरोबर आहे.

मैत्रीण विचारत होती की मग करायचं काय, ट्रिप सोडून द्यायची? सोडू नका. रिसॉर्टचा फोन नंबर विकणाऱ्याने दिलेला घेऊ नका, स्वतः शोधा, फोन करा आणि आपल्या पासपोर्टवरच्या नावाने खोली आहे का ते विचारा. पैसे देण्याआधी. ग्रुपची जागा खरी असेल तर रिसॉर्टला ग्रुप लीडर माहीत असतो आणि नावबदल ते दोन मिनिटांत दाखवतात. चार टक्के जास्त पडले तरी क्रेडिट कार्डच वापरा. वायर गेली की गेली. आणि एका घरातले, एकमेकांवर भरवसा असलेले चार जण असाल तर प्रत्येकाने वेगळं तपासा, कारण आमच्यात प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितलंय.

मी आता बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याकडे लेखी तक्रार केली आहे. एकट्या माणसाचं ६,३०० डॉलरचं प्रकरण कुणी उघडून बघत नाही, हे मला आता पुरतं कळलंय. बोनेर, कोझुमेल, रोआतान, कुठल्याही डायव्ह रिसॉर्टच्या रिकाम्या जागेच्या नावाने तुमच्याकडून वायरने पैसे घेतले गेले असतील, तर तारीख, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्या कंपनीचं नाव मला कळवा. तेच खातं दुसऱ्या एखाद्या तक्रारीत निघालं तर मी दोन्ही कागद एकत्र जोडून पाठवणार आहे.