एमएसडब्ल्यू आठ महिने वापरल्यावर: गूळ दराच्या तक्त्याच्या टेस्ट

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांचे दर दाखवणारा, रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत बनवलेला तक्ता. त्याच्या टेस्टना टेस्ट चालवणारं व्हायटेस्ट, पडद्यावर काय दिसतं ते तपासणारी रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी आणि सर्व्हरऐवजी खोटी उत्तरं देणाऱ्या मॉक सर्व्हिस वर्करची, म्हणजे एमएसडब्ल्यूची, दुसरी आवृत्ती.

डेटा मागवणारं फेच फंक्शनच मॉक केलं, म्हणजे त्याच्या जागी खोटं ठेवलं, की फेच काढून त्याच कामाचं ॲक्सिऑस घातल्यावर तक्ता नीट चालूनही टेस्ट लाल होतात. एमएसडब्ल्यू रिक्वेस्ट नेटवर्कवर अडवतं. कंपोनंट (इथे तक्ता) डेटा कशानं मागवतो याच्याशी टेस्टला देणंघेणं उरत नाही. एवढ्यासाठीसुद्धा ते घ्यावं.

सगळ्या टेस्टआधी एमएसडब्ल्यूचा सर्व्हर सुरू, प्रत्येक टेस्टनंतर हँडलर (कोणत्या रिक्वेस्टला काय उत्तर द्यायचं ते) रीसेट, शेवटी सर्व्हर बंद. रीसेट राहिलं तर एका टेस्टपुरता दिलेला ५०० चा (सर्व्हर बिघडल्याचा) एरर पुढच्या टेस्टमध्ये झिरपतो. मग तीच टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर फेल. हँडलर नसलेल्या रिक्वेस्टला मुळात नुसती वॉर्निंग मिळते. तिथे एरर लावा, म्हणजे यूआरएलमधली चूक जागच्या जागी सापडते.

सर्वांत जास्त वेळ रिॲक्ट क्वेरी, म्हणजे डेटा आणून कॅशमध्ये ठेवणारी लायब्ररी, खाते. फेल गेलेली रिक्वेस्ट ती १, २, ४ सेकंद थांबून आणखी ३ वेळा पाठवते. ‘दर मिळाले नाहीत’ हा मजकूर दिसायला सात सेकंद लागतात, आणि मजकूर दिसायची वाट बघणारं टेस्टिंग लायब्ररीचं फाइंडबाय मुळात १००० मिलिसेकंदच वाट बघतं. टाइमआउट वाढवू नका. टेस्टमध्ये रिट्राय बंद करा आणि दर टेस्टला नवा क्वेरीक्लायंट (तिची कॅश सांभाळणारा) द्या, नाहीतर कॅशमधले जुने दर समोर येतात.

एमएसडब्ल्यूची खरी किंमत कळते ती उशिरा आलेल्या उत्तराच्या टेस्टमध्ये. रिॲक्ट क्वेरीऐवजी हातानं लिहिलेल्या यूजइफेक्टमध्ये (रिॲक्टमध्ये रेंडरनंतर चालणारा कोड) १० किलोचा रवा (गुळाची ढेप) निवडून लगेच ३० किलोचा निवडला आणि पहिलं उत्तर मागून आलं, तर ३० च्या मथळ्याखाली १० चे दर बसतात. शेतकरी तोच आकडा धरून चालतो, म्हणून ही टेस्ट हवीच. हँडलरमध्ये १० ला २०० आणि ३० ला २० मिलिसेकंद उशीर द्या. ३० चे दर दिसले म्हणून तिथेच थांबलात तर चूक असूनही टेस्ट पास होते. १० चं उत्तर येऊन जाईपर्यंत थांबा आणि पुन्हा तपासा. उपाय: इफेक्टच्या क्लीनअपमध्ये जुनी रिक्वेस्ट रद्द करणारा ॲबॉर्टकंट्रोलर.

असाच फसवा प्रकार म्हणजे रेंडर होताच ‘एरर दिसत नाही ना’ हे न थांबता लगेच शोधणाऱ्या क्वेरीबायनं तपासणं. तेव्हा काहीच आलेलं नसतं, टेस्ट कायम हिरवी. आधी दराची ओळ येऊ द्या. लोडरच्या (डेटा येतोय हे दाखवणाऱ्या चिन्हाच्या) टेस्टला डिले ‘इन्फिनिट’ ठेवा, म्हणजे उत्तर येतच नाही. आकडे मराठी लोकेलनं छापत असाल तर ते देवनागरीत येतात. इंग्रजी अंकांनी शोधलेला दर सापडणार नाही.

एक उणीव मात्र आहे. हँडलरमधलं जेसन (उत्तरातला डेटा) आपणच लिहिलेलं असतं. खऱ्या सर्व्हरनं दर नंबरऐवजी स्ट्रिंग म्हणून पाठवायला सुरुवात केली, तरी सगळं हिरवंच राहतं. त्यासाठी सर्व्हरच्या उत्तरांचं वर्णन असलेल्या ओपनएपीआयवरून टाइप तयार करून हँडलरला लावा, आणि दोन-तीन टेस्ट ब्राउझर चालवणाऱ्या प्लेराइटनं खऱ्या स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरवर रोज रात्री चालवा.