भाड्याचा कॅमेरा मला विकला गेला: 1,85,000 रुपये गमावल्याचा अनुभव

हे लिहिताना लाज वाटते, कारण मी अकरा वर्षे चित्रीकरणाच्या व्यवसायात आहे आणि जुना कॅमेरा कसा पारखून घ्यावा हे नव्या मुलांना मीच सांगत आलो आहे. तरीही गेल्या सप्टेंबरात सोनी एफएस7 हा जुना व्हिडिओ कॅमेरा विकत घेताना माझे 1,85,000 रुपये गेले आणि पाच आठवड्यांनी कॅमेराही गेला. खोटी कागदपत्रे देऊन भाड्याने उपकरणे उचलायची आणि ती तिसऱ्यालाच विकून मोकळे व्हायचे, ही पद्धत आपल्या क्षेत्रात कोणाला ठाऊक नाही? तो तिसरा माणूस यावेळी मी होतो.

लोभापायी फसलो असे कोणी म्हणू नये. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांवर मी माहितीपट करत आहे. गाळप हंगामातले किमान 60 दिवस चित्रण होते आणि दिवसाला 3,500 रुपये भाड्याने त्याचे 2,10,000 झाले असते. हा कॅमेरा 2014 साली आला, म्हणजे आज जुनाच. पण त्याच्या अंगातच प्रकाश कमी करणारे एनडी फिल्टर आहेत, दोन एक्सएलआर (व्यावसायिक) माइक थेट जोडता येतात, आणि उसाच्या फडात एकट्याने काम करणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. सांगितलेली किंमत बाजारभावापेक्षा जेमतेम पंधरा हजारांनी कमी होती, त्यामुळे संशय यावा इतकी ती स्वस्तही नव्हती. पतसंस्थेचे 1,20,000 रुपयांचे कर्ज आणि साठवलेले 65,000 अशी जुळणी करून मी निघालो.

जाहिरात पाहून आधी 20,000 रुपये यूपीआयने टोकन म्हणून पाठवले होते. मुंबईच्या उपनगरातील एका सदनिकेत, पांढऱ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर, त्या इसमाने कॅमेरा मांडून ठेवला होता आणि तपासायला मला पूर्ण दोन तास दिले. मी फोर-केमध्ये चित्रण करून पाहिले, लेन्सचे अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) लहान करून पांढऱ्या भिंतीवर सेन्सरवरची धूळ शोधली, एनडीचे चाक फिरवले, माइक लावून आवाज ऐकला. सगळे ठीक होते, कारण यंत्रात दोष नव्हताच. दोष मालकीत होता आणि मी फक्त यंत्र तपासत बसलो.

ट्रायपॉडची प्लेट लावण्यासाठी मी कॅमेरा उलटा केला, तेव्हा बुडाशी माझा अंगठा चिकटला. दोन बोटे रुंद असा एक चौकोन होता. त्याच्या कडेने गमात काळा मळ साचलेला आणि मधला भाग स्वच्छ, कोणीतरी नखाने खरवडून काढलेला. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “विम्याचे स्टिकर होते, मुदत संपली म्हणून काढले.” भाड्याच्या कॅमेऱ्यावर याच जागी दुकानाचे बारकोड स्टिकर असते, चलनावर सही करताना मी ते शेकडो वेळा पाहिले आहे. विम्याचे स्टिकर मात्र एकाही कॅमेऱ्यावर कधी पाहिले नाही. तरीही मी अंगठा रुमालाला पुसला आणि पुढच्या कामाला लागलो. समोर चहा ठेवला होता, माणूस बोलायला सभ्य होता, त्याच्या तोंडावर “हा चोरीचा तर नाही ना” असे विचारणे मला जड गेले. तिथेच 1,40,000 रुपये आयएमपीएसने आणि 25,000 रोख दिले. त्या एका क्षणासाठी मी स्वतःला अजून माफ करू शकलेलो नाही.

बिलही दिले होते. त्यावरचा अनुक्रमांक कॅमेऱ्याशी जुळतो एवढेच मी पाहिले. बिलाची तारीख मार्च 2017 होती आणि खाली जीएसटी क्रमांक छापलेला होता, जेव्हा जीएसटी लागूच झाला 1 जुलै 2017 पासून! बिल हातात आले की त्यावरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर शोधा आणि पैसे देण्यापूर्वी त्या दुकानाला स्वतः फोन करा. कॅमेरा किती तास चालला हे दाखवणाऱ्या मेन्यूतील अवर्स मीटरमध्ये दोन आकडे असतात. एक शून्यावर आणता येतो, दुसरा येत नाही. मला 212 तास दाखवले गेले, तो पहिला आकडा होता. दुसरा 4,638 होता आणि तो मी घरी येऊन पाहिला.

चित्रण साठवणाऱ्या एक्सक्यूडी कार्डाची खाच बिघडली म्हणून कॅमेरा दुरुस्तीला दिला, तेव्हा कारागिराने अनुक्रमांक ओळखला. भाड्याने देणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर तो आधीच फिरत होता. ज्याच्याकडून तो भाड्याने उचलला गेला, त्या खऱ्या मालकाचा मला राग नाही, तोही लुबाडलाच गेला होता. पोलीस आले, दोन पंचांसमोर पंचनामा झाला आणि कॅमेरा मुद्देमाल म्हणून गेला. विकणाराच मालक नसेल तर घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही, मग घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजलेले का असेनात.

जप्ती एका दुपारीत आटोपली. माझी तक्रार मात्र पाच महिन्यांत कोणी नीट ऐकून घेतलेली नाही. आमच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार मुंबईत झाला, तिकडे जा. मुंबईत म्हणाले, पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले, तिकडेच नोंदवा. तिसऱ्या ठिकाणी हा आपसातला व्यवहार ठरला आणि दिवाणी दाव्याचा सल्ला मिळाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. तो कागद छापून नेला, तर अंमलदाराने न वाचताच परत केला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार घेतली गेली, पण तोवर विकणाऱ्याच्या खात्यात 312 रुपये उरले होते, म्हणून सांगतो, शंका येताच त्याच तासाला तिथे फोन करा. ती सदनिका दिवसाच्या भाड्याने घेतलेली होती हे मी स्वतः शोधून काढले आणि लेखी दिले. तिथल्या सीसीटीव्हीचे चित्रण ताबडतोब मागवा अशी विनंती तीनदा केली. कोणी गेले नाही आणि आता ते चित्रण पुसले गेले आहे. सात फेऱ्यांत 9,400 रुपये खर्च झाले. शेवटी पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवला आहे. पोच आली, उत्तर नाही. दाद लागली नाही तर त्याच कलम 173 खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे.

रोख रक्कम देऊ नका. माझ्या 25,000 रुपयांचा कसलाही पुरावा नाही. विकणाऱ्याचे आधार कार्ड मोबाइलवर पाहून समाधान मानू नका.

गेल्या आठवड्यात वेगळ्या नावाने एक जाहिरात दिसली. एफएस7, दोन कार्डे, तीन बॅटऱ्या, किंमत 1,70,000. फोटोत कॅमेऱ्याखाली तेच पांढरे ग्रॅनाइटचे टेबल आहे आणि कॅमेऱ्याच्या बुडाचा एकही फोटो नाही. कोणी त्याच्याशी बोलत असेल, तर कृपा करून टोकन पाठवू नका.